बिल्ल्याची व्युत्पत्ती

"आजी, ते वर काय आहे?"

"बिल्ला," नागरबाई म्हणाल्या. सुपातल्या तुरीवरची नजर काही त्यांनी हलवली नाही.

"वर बघून सांगा ना."

त्यांनी वर बघितलं. दुपारचे चार वाजत आले होते, पौषातली शुद्ध दशमी होती. अंगणातल्या लिंबाच्या शेंड्यावर, धुऊन वाळत टाकल्यासारखा, फिकट चंद्र येऊन बसला होता. "बिल्लाच हाय," त्या म्हणाल्या. "मघाशीबी त्योच हुता. घटक्यात बदलतोय व्हय?"

उंबऱ्यावर बसलेली त्यांची सून ललिता फसकन हसली. पालथ्या डालग्यावर ठेवलेल्या माझ्या टेपरेकॉर्डरमधली कॅसेट फिरत होती, पण हवं ते काही तिच्यात पडत नव्हतं.

"याला दुसरं काही म्हणता का तुम्ही?"

"आणिक काय म्हणणार?"

"म्हणजे शाळेत, शेजारच्या गावात, पुस्तकात..."

"मी कवा शाळंत गेले, माय? ललिते, बाईला पाणी दे गं. इचारून इचारून घसा वाळला तिचा."

मी पाणी प्याले. माझी आठ महिन्यांची रेवा नागरबाईंच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून सुपाची कड चावत होती. प्रवासात दोन बस बदलून आंबलेलं ते पोर या घरात आल्यापासून एकदाही रडलं नव्हतं. साडेपाचला देगलूरकडं जाणारी शेवटची गाडी होती. तोवर मला नागरबाईंच्या तोंडून एकच शब्द टेपवर घ्यायचा होता. तोही अवघड नव्हे. चंद्र.

तुंबरपल्ली हे गाव असं, की पहाटेची हाक एका भाषेत घातली तर ओ दुसरीत यावी. कोपऱ्यावरचा किराणावाला तेलुगू, खालच्या गल्लीतली घरं कानडी, बाजारात दखनी आणि घराघरांत आपली मराठी, या सगळ्यांना पोटाशी धरून बसलेली. म्हणूनच आमच्या विद्यापीठाच्या बोलीकोश विभागानं ते निवडलं होतं. मी तिथं हंगामी शब्दसंकलक होते. काम साधं. दोनशे शब्दांची यादी घेऊन गावात जायचं, वस्तू दाखवायची, आपण शब्द सुचवायचा नाही, लोक म्हणतील ते लिहायचं. एका शब्दाचं एक कार्ड. एकमेकांच्या नात्यागोत्यात नसलेल्या तीन घरांत तोच शब्द सापडला तर कार्ड पक्कं. आणि टेप नसेल तर कार्डच नाही. हा पांगरीकर सरांचा नियम.

दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीत ललिताच्या दोन वर्षांच्या मुलीनं आभाळाकडं बोट करून "बिल्ला" म्हटलं होतं. मी चमकले. मग शेजारच्या कोळ्यांच्या घरात विचारलं, तिथल्या तरण्या सुनेनंही सांगितलं, बिल्ला. मागच्या आळीतल्या शिंपिणीनं सांगितलं, बिल्ला. तीन घरं, तीन जाती, नातं काही नाही. मी कार्ड घेऊन परतले ती तरंगतच.

पांगरीकर सरांनी ते कार्ड खिडकीशी धरून वाचलं होतं, एखादं जुनं नाणं बघावं तसं. "बिल्ला," ते पुटपुटले. "अहो, तेलुगूत बिळ्ळ म्हणजे चकती. रुपया, औषधाची गोळी, जे जे म्हणून चपटं आणि वाटोळं ते. तमिळमध्ये विल्लै, तेच. म्हणजे हा पौर्णिमेचा चंद्र झाला. पण थांबा. कानडीत बिल्लु म्हणजे धनुष्य. तमिळमध्ये विल्. म्हणजे हा बीजेचा चंद्र! आता एका शब्दाचे हे दोन बाप, यातला खरा कोणता?"

"आणि हिंदीत, सर?"

"हिंदीत बोका. तो कृपा करून चंद्रावर चढवू नका."

"मराठीत शिपायाच्या पट्ट्यावर असतो तो..."

"तो तर कालचा पोर. चकतीवरूनच आलेला. आपला शब्द त्याच्या कितीतरी आधीचा." सर खुर्चीत बसलेच नाहीत. फेब्रुवारीत म्हैसूरला परिषद होती. तिथं निबंध वाचायचा, त्यावर माझंही नाव घालायचं असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. "पण पुन्हा जाऊन या. म्हातारी बीजेच्या चंद्रालाही बिल्ला म्हणते का, ते विचारा. आणि मुख्य म्हणजे, तिला चंद्र हा शब्द ठाऊक आहे का? असेल तर दोन्हींत फरक काय करते? दोन्ही शब्द तिच्याच आवाजात पाहिजेत. एका दमात. तेवढं आणलंत तर तुमच्या तीन वर्षांच्या नेमणुकीचा कागद मी स्वतः वरती घेऊन जातो."

माझी मुदत मार्चअखेर संपत होती. रेवा झाल्यापासून विभागात माझ्याकडं सगळे हळुवारपणे बघत आणि हळुवारपणेच कामं दुसऱ्याला देत. मला ती नोकरी हवी होती. अगदी, दात उगवणाऱ्या पोराला काहीतरी चावायला हवं असतं ना, तशी हवी होती.

तर पहिला प्रश्न सुटला होता. बीजेच्या चंद्राला काय म्हणता? "चतकोर बिल्ला." अष्टमीच्या? "अर्धा बिल्ला." अवसेला? "बिल्ला गेला गावाला." धनुष्य गेलं, चकती उरली. सरांचा एक बाप बाद झाला होता. पण दुसरा प्रश्न काही पुढं सरकेना.

"आजी, लहान लेकरांना आपण दाखवतो ना, तो बघ, चां..."

"चांगली हाय गं लेक तुझी," नागरबाई म्हणाल्या आणि रेवाच्या पाठीवर हात फिरवला. "दूध पाजतीस का डबा?"

"पाजते. आजी, चतुर्थीचा उपास सोडताना..."

"मी गुरुवार करते."

ललिता पदरात तोंड घालून हसत होती. मला वाटलं, म्हातारी माझी गंमत करतेय. शहरातली बाई, पोर काखेत घेऊन आभाळाकडं बोटं दाखवत हिंडते. कुणालाही करावीशी वाटेल. मीही हसले. पण घड्याळात साडेचार झाले होते.

"तुझा मालक काय करतो?" नागरबाईंनीच विषय काढला.

"निखिल? बँकेत आहे."

"आँ?" त्यांचा तुरीतला हात थांबला. "नाव घेऊनच बोलतीस त्याला?"

"हो. सगळ्याच घेतात आता."

"घरातबी?"

"घरातही."

नागरबाईंनी थोडा विचार केला. "मंग ज्यानं त्यानं त्याच नावानं हाक मारायची, अन् तूबी त्याच नावानं. त्याला कळतं कसं, ही माझी हाय म्हून?"

ललिताला आपल्या सासूच्या या बोलण्याचा केवढा अभिमान वाटला! "आत्या आमच्या लई हुशार हैत," ती म्हणाली. "ह्या आळीतली निम्मी पोरं ह्यांच्या मांडीवर वाढली. बाया शेतात गेल्या की लेकरं इथं. ती कोळ्याची सून कोण, ती शिंपीण कोण, गावातच दिलेल्या लेकी ह्या, समद्या हितंच रांगल्या."

हे मी ऐकलं, टेपनंही ऐकलं, पण माझ्या डोक्यात काही ते शिरलं नाही. माझं लक्ष एव्हाना ओसरीकडं गेलं होतं. तिथं बाजेवर नागरबाईंचे यजमान बसले होते. पांढरीशुभ्र बंडी, डोक्याला टापशी, काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरलेली. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. तहसील कचेरीत तीस वर्षं शिपाई होते. हल्ली त्यांना विसर पडे. मी आल्यापासून त्यांनी चार वेळा विचारलं होतं, "ही लेक कुणाची?" आणि चारही वेळा, "लई ग्वाड हाय," असं म्हणून समाधान मानलं होतं.

मला वाटलं, म्हातारी सांगत नाही तर अप्पांना विचारू. त्यांनी चंद्र म्हटलं की नागरबाई त्यावर काहीतरी बोलतीलच. मी डालगं उचलून ओसरीशी नेलं. टेपची पद्धत अशी, की बोलणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव, वय, गाव सांगायचं.

"अप्पा, तुमचं नाव सांगता का यात?"

"नाव?" अप्पा हसले. "सांगतो की."

मी वाट बघितली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा हसले, पण आता ते हसू नुसतं ओठांवर राहिलं होतं.

"असू द्या अप्पा. वय सांगा."

"थांब की," ते म्हणाले. "नाव इचारलीस नव्हं? नाव सांगतो." कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी बंडीचा खिसा चाचपला, जणू तिथं ठेवून दिलं असावं. मग ते नागरबाईंकडं वळले आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "माझं नाव काय गं?"

ललिता उंबऱ्यावरून उठली.

"गं? सांग की. ही बाई इचारलालीय."

नागरबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी ललिताकडं बघितलं. ललिता उभी राहिली होती, तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मामा," ती घाईनं म्हणाली, "शी. येम. बिरादार. शी. येम. बिरादार की वो."

"ते दारावर लिवलंय," अप्पा म्हणाले. "मला म्हाईत हाय. माझं नाव काय?"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मलाही माहीत नव्हतं. कार्डावर मी पाटीवरून उतरवून घेतलं होतं, सी. एम. बिरादार. सून सासऱ्याचं नाव घेत नव्हती, बायको नवऱ्याचं घेत नव्हती, आणि मी, नावं गोळा करत हिंडणारी, अप्पांवर भागवून मोकळी झाले होते. अंगणात तीन बायका, आणि त्या माणसाला त्याचं नाव सांगू शकेल अशी एकही नाही.

"मी ह्यांना बलवते," म्हणून ललिता धावली. पण तिचा नवरा नदीकाठच्या शेतात होता, अर्ध्या तासाच्या वाटेवर. ती आळीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. तुरीचे दिवस. दारांना कड्या. आळीत कुणी पुरुषमाणूस नव्हतं, किराणावालासुद्धा माल आणायला गेला होता.

अप्पा बाजेवरून उठायला लागले. काठी घसरली. "कुणीच सांगंना," ते म्हणाले. "मी कोण हाय? मला कुणी आणलं हितं?" त्यांचा आवाज एखाद्या बाजारात चुकलेल्या पोरासारखा वर वर चढत होता. माझ्या हातून काय झालं होतं ते बघत मी नुसती उभी होते.

नागरबाईंनी रेवाला उचलून माझ्याकडं दिलं. सूप बाजूला सारलं. त्या अप्पांजवळ गेल्या, त्यांना दंडाला धरून बसवलं आणि हनुवटीला धरून त्यांचं तोंड वर आभाळाकडं केलं.

"ते बघा. ते काय हाय? तेच नाव हाय तुमचं."

अप्पांनी डोळे बारीक करून बघितलं. लिंबावरचा चंद्र आता जरा उजळ झाला होता.

"बिल्ला," अप्पा म्हणाले.

नागरबाईंनी डोळे मिटून घेतले. पन्नास-पंचावन्न वर्षं त्या घरात त्या गोष्टीला दुसरं कुणी काही म्हटलंच नव्हतं. लेकरांना त्यांनीच शिकवलं, नातवंडांना त्यांनीच, आळीलाही त्यांनीच. आणि त्याच अंगणात बसून त्यांच्या माणसानंही नुसतं तेवढंच ऐकलं होतं.

"बिल्ला काय नाव असतं व्हय?" अप्पांचे डोळे भरून आले. "तूबी फसवलालीस."

"नाही फसवत," नागरबाई म्हणाल्या. "बसा. सांगते."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. कपाळावरचे केस आत सारले. मग, सत्तरीची ती बाई, हात पदरात गुंडाळून अप्पांसमोर अशी उभी राहिली, की माझ्या डोळ्यांपुढं एकदम मांडव, हळदीचे पाय आणि दारात अडवून धरणाऱ्या करवल्या आल्या. नाव घ्यायला बायांना एक वाट मोकळी ठेवलेली असते, ती त्यांनी धरली.

"पितळंचा बिल्ला, चिंचंनं घासला, उजेड पडला दारात," नागरबाई म्हणाल्या. "चंदरअप्पा येतात शनवारी, तवाच पुनव घरात."

ललितानं तोंडावर हात ठेवला.

अप्पा ऐकत राहिले. मग त्यांचा उजवा हात उचलला आणि बंडीवर, छातीच्या डाव्या अंगाला, काहीतरी आहे की नाही बघावं तसा फिरला.

"चंदर," ते म्हणाले.

"व्हय."

"चंदर मन्मथअप्पा बिरादार. देगलूर कचेरी." त्यांनी सरळ बसून माझ्याकडं बघितलं, मोठ्या साहेबाला सांगावं तसं. "लिव."

मी लिहिलं नाही. माझ्या हातात पोर होतं.

मग नागरबाई तिथंच पायरीवर टेकल्या आणि हळूहळू, निम्मं मला आणि निम्मं स्वतःला सांगत गेल्या. कचेरीच्या पट्ट्यावर वाटोळा बिल्ला असे, आधी उर्दू अक्षरांचा, मग मराठी. सोमवारी पहाटे अप्पा चालत जात ते शनिवारी संध्याकाळी येत. आल्यावर पट्टा खुंटीला लागे. रविवारी तो बिल्ला चिंचेनं घासायचं काम नागरबाईंचं. थोरला लेक सहा महिन्यांचा असताना रडायला लागला की बाया म्हणत, त्याला आभाळातलं दाखव. "दाखवू कसं? ते म्हणायचं तर ह्यांचं नाव यायचं तोंडात. सासू समोर बसलेली. मंग म्हनलं, ते बघ बाळा, बापाचा बिल्ला. लेक गप झाला." त्या जरा हसल्या. "मंग ते तसंच पडलं."

कोळ्याच्या सुनेला, शिंपिणीला, ललिताच्या लेकीला. तीन घरं, तीन जाती, आणि मांडी एकच. तेलुगूतली चकती आणि कानडीतलं धनुष्य मी कुठं कुठं घेऊन हिंडले होते. आणि शब्द इथं, या खुंटीवर जन्मला होता.

माझ्या अंगावर काटा आला. आता खरं सांगते, त्या काट्यात सगळी माया नव्हती. मी डालग्याकडं बघितलं. कॅसेट फिरत होती. सगळं आत होतं: बिल्ला, चंदर, उखाणा, लेक गप झाला तेही. एखादा शब्द कुठं, कधी, कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, हे कुठल्या कोशकाराला सापडतं? सरांनी मला खांद्यावर घेऊन म्हैसूरला नेलं असतं. तीन वर्षं काय, जन्माची सोय होती ती.

माझी नजर कुठं आहे ते नागरबाईंनी हेरलं.

"त्या पेटीत गेलं का ते?"

"गेलं आजी."

"सगळं?"

"सगळं."

"नावबी?"

"हो."

"आता काय करशील त्याचं?"

"आमचे सर ऐकतील."

"मंग?"

"मग... मुलं शिकतात तिथं, ती ऐकतील. मग कपाटात ठेवतील. नीट ठेवतात आजी, खराब होऊ देत नाहीत."

"म्हंजे मी मेल्यावरबी?"

"हो."

"अन् हे?" त्यांनी अप्पांकडं बघितलं. "हे नसले तरीबी?"

मी मान हलवली.

"पुसून टाक," नागरबाई म्हणाल्या.

"आजी, यात वाईट काही नाही. तुमचं नाव होईल. हा शब्द..."

"शबूद ने तू. शबूद काय, कुणीबी म्हणावं." त्या रागावल्या नव्हत्या. लहान मुलाला समजवावं तशा बोलत होत्या. "पण नाव मी त्यांच्यासाठी घेतले. एकदा घेतले. ती पेटी रोज घेईल. कुणीबी बटण दाबावं अन् मी घ्यावं? नाव घेतलं की आयुष्य घटतं, त्यांचं काय रस्त्यावर पडलंय?"

ललिता माझ्याकडं बघत होती. रेवा माझ्या खांद्यावर जड झाली होती, झोपेला आली होती. मी मनातल्या मनात सगळं करून बघितलं. मान डोलवायची, बटण दाबल्यासारखं करायचं, कॅसेट पिशवीत टाकायची. त्यांना काय कळणार होतं? काही कळलं नसतं. हेच मला सहन होईना, की त्यांना काही कळलं नसतं.

मी कॅसेट मागं फिरवली. आकड्यांवरून हिशेब केला. ललितानं आळीत धाव घेतली तिथपासून मागंपुढं धरून अकरा मिनिटं.

"पुसायला वेगळं बटण नाही आजी," मी सांगितलं. "यावर दुसरं काहीतरी भरायचं. की आधीचं जातं. अकरा मिनिटं कुणी बोलायचं नाही."

"अकरा मिनटं? हिला जमंल?" नागरबाईंनी ललिताकडं हात केला.

"आत्या!"

मी दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि आम्ही गप्प बसलो. आयुष्यात मी इतकं मोठं काम केलेलं नाही, आणि ते नुसतं बसून करायचं होतं. कोंबड्या आल्या, सुपातल्या तुरीला चोची मारायला लागल्या. नागरबाईंनी हाकलायला तोंड उघडलं आणि हातानंच हुसकलं. अप्पांना खोकला आला. दूर कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. रेवानं झोपेत एक लांब उसासा टाकला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ललिताला हसू आवरेना, ती पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडं वळली, तर तिचे खांदे हलताना बघून नागरबाईही लागल्या हसायला, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. चंद्र लिंबाच्या शेंड्यावरून सुटून मोकळ्या आभाळात आला होता.

पुढचं सांगून टाकते. सरांनी दुसऱ्या दिवशी ती कॅसेट लावली. बीजेचा चतकोर बिल्ला ऐकला, पुढं कोंबड्या ऐकल्या. मी म्हणाले, सर, धनुष्य नाही आणि तेलुगूतली चकतीही नाही. घरातला शब्द आहे, एका घरात जन्मलेला. निबंध वाचू नका. "पुरावा?" सरांनी विचारलं. नाही, मी म्हणाले. मग लाल पेन घेऊन त्यांनी आपल्या दोन्ही व्युत्पत्ती छेदल्या आणि कार्ड बाद झालेल्यांच्या खोक्यात टाकलं. मार्चअखेर माझी मुदत संपली. कागद वर गेला नाही. सर चांगले होते, नियमही चांगला होता. मी पुढं शाळेत लागले.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. अकरा मिनिटं संपली तशी मी बटण दाबून पेटी बंद केली, वायर गुंडाळली, रेवाला शालीत घेतलं. गाडीला पंधरा मिनिटं होती. ललिता पिशवीत तुरी भरत होती, नको म्हटलं तरी. मी नागरबाईंच्या पाया पडायला वाकले, तोच ओसरीवरून आवाज आला.

"माझं नाव काय गं?"

अप्पांच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. सहज विचारत होते, चहा झाला का असं विचारावं तसं. पण वाट बघत होते.

नागरबाईंनी माझ्या पिशवीकडं बघितलं.

"बंद हाय नव्हं?"

"बंद आहे आजी."

त्या उठल्या. पुन्हा पदर सारखा करतील, हात गुंडाळून उभ्या राहतील असं मला वाटलं, आणि ललितालाही वाटलं असणार, कारण तिचे हात थांबले. पण नागरबाईंनी तसलं काही केलं नाही. त्या जाऊन बाजेवर त्यांच्या अगदी शेजारी बसल्या. आजवर कुणासमोर बसल्या नसतील इतक्या जवळ. एक हात त्यांच्या खांद्यावर टाकला, कानाशी तोंड नेलं आणि नुसतं, उखाण्याशिवाय, म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही. ओठ हललेले तेवढे दिसले.

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून निवांत मागं रेलले.